हरलेल्या संघाचा हिशेब

(विंचूर येथे कॉलेज फुटबॉल संघातले खेळाडू, त्यांचे पालक आणि गावकरी यांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्याकडे सत्कार होतो तो जिंकलेल्यांचा. आपली पोरं ज्या कॉलेज संघातून खेळतात, त्या संघाने यंदा एकही सामना जिंकला नाही. म्हणून आज हार-नारळ नाहीत. आज हिशेब करायचा आहे, कारण पुढच्या वर्षी संघ उतरवायचाच नाही असं बोललं जातंय. तो निर्णय होण्याआधी आपण काय ते बोललं पाहिजे.

गावात पराभवाची दोन कारणं ऐकू येतात. एक, गोलकीपर कच्चा. दोन, फुटबॉल हा आपल्या मातीतला खेळच नाही. दुसऱ्या कारणावर वेळ घालवत नाही. कोल्हापूरच्या तालमींचे फुटबॉल संघ आहेत आणि त्यांच्या सामन्यांना स्टेडियम भरतं. माती महाराष्ट्राचीच आहे.

पहिल्या कारणाबद्दल मात्र सविस्तर बोलायचं आहे.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे एखादी यंत्रणा मध्यरात्री बंद पडली, तर दुसऱ्या दिवशी सगळे बसतात आणि लिहून काढतात: काय घडलं, कधी घडलं, त्याआधी काय घडलं होतं. त्या कागदावर माणसाचं नाव लिहीत नाहीत. यामागे दयाबुद्धी नाही, अनुभव आहे. नाव लिहिलं की चौकशी तिथेच थांबते, खरं कारण तसंच राहतं आणि पुढच्या महिन्यात यंत्रणा पुन्हा बंद पडते.

हीच पद्धत मी आपल्या सामन्यांना लावली. पालकांनी मोबाइलवर केलेलं चित्रण पोरांसोबत बसून पाहिलं. आपल्यावर झालेले निम्म्याहून जास्त गोल शेवटच्या अर्ध्या तासातले आहेत. त्यातले बरेच एकाच पद्धतीचे: चेंडू एका कडेला, आपले सगळे बचावपटू तिकडे धावलेले, दुसऱ्या कडेला समोरचा एक खेळाडू मोकळा. चेंडू त्याच्याकडे जातो आणि समोर उरतो एकटा गोलकीपर. गोलची रुंदी ७.३२ मीटर, उंची २.४४ मीटर. तिथे कोणालाही उभं करा.

दुसरी कड मोकळी का राहिली? कारण पोरं सराव करतात ती जागा लहान आहे. मोठ्या सामन्यांचं मैदान साधारण १०५ मीटर लांब आणि ६८ मीटर रुंद असतं. आपल्या पोरांना सरावाला त्याच्या निम्मीही जागा मिळत नाही. कांद्याची आवक वाढली की तिथे ट्रॅक्टर-ट्रॉल्या उभ्या राहतात, मग उरलेल्या कोपऱ्यात सहा-सात जणांचा खेळ. तिथे सगळे चेंडूमागे धावले तरी चालून जातं. मोठ्या मैदानावर तेच अंगाशी येतं.

शेवटच्या अर्ध्या तासात का? कारण पाय संपलेले असतात आणि बदली खेळाडू नसतात. ऑक्टोबरनंतर लाल कांद्याची काढणी, मागोमाग उन्हाळ कांद्याची लागवड. सरावाला यायच्या वेळी निम्मी पोरं शेतात नाहीतर मार्केटला. त्यांना दोष देता येत नाही, घरचं पोट त्यावर चालतं. पण मग त्याच पोरांकडून नव्वद मिनिटांच्या दमाची अपेक्षा कशी करणार?

आता जरा बाहेर पाहू. २०२३ साली मुंबई सिटी हा आपल्या राज्यातला क्लब आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये खेळला. सहा सामने, सहाही हरले. रियाधमध्ये अल-हिलालने त्यांना ६-० ने हरवलं. पुण्यात बालेवाडीच्या घरच्या मैदानावर इराण आणि उझबेकिस्तानच्या क्लबांनी हरवलं. गटात गुण शून्य. त्याच काळात प्रशिक्षक सोडून गेले. पुढे १५ एप्रिल २०२४ ला कोलकात्यात मोहन बागानकडून २-१ ने हरून लीग शील्डही हातची गेली. संघ मोडला नाही. १९ दिवसांनी, ४ मे ला, त्याच मैदानावर त्याच मोहन बागानला ३-१ ने हरवून त्यांनी आयएसएलचा कप उचलला. त्या संघाचा कर्णधार होता मुंबईचा राहुल भेके.

तुम्ही म्हणाल, त्यांच्याकडे पैसा आहे. बरोबर आहे, म्हणून दुसरं उदाहरण. कोलकात्याचं मोहम्मडन स्पोर्टिंग. १९३४ ते १९३८ अशी सलग पाच वर्षं त्यांनी कलकत्ता लीग जिंकली. १९४० मध्ये ड्युरंड कप आणि मुंबईचा रोव्हर्स कप. आपल्या आजोबांच्या पिढीत हे नाव अभिमानाने घेतलं जायचं. २०२४-२५ मध्ये हा क्लब पहिल्यांदा आयएसएल खेळला आणि १३ संघांत शेवटचा आला. २४ सामन्यांत २ विजय. त्याच मोसमात थकलेल्या पगारामुळे खेळाडूंनी सराव थांबवला होता. म्हणजे मोठं नाव, जुना इतिहास, समाजाचं प्रेम, सगळं असूनही व्यवस्था कोलमडली की मैदानावरचे अकरा जण काही करू शकत नाहीत. मग ज्यांच्याकडे यातलं काहीच नाही, त्या आपल्या पोरांकडून कसला जाब विचारतो आपण?

आता एक अवघड गोष्ट. आपला गोलकीपर मुसलमान आहे. शेवटच्या सामन्यानंतर मोबाइलवर जे फिरलं, त्यात त्याच्या खेळापेक्षा त्याच्या नावावर जास्त होतं. २४ ऑक्टोबर २०२१ ला दुबईत पाकिस्तानकडून हरल्यावर मोहम्मद शमीच्या बाबतीत हेच झालं होतं. तेव्हा कर्णधार विराट कोहलीने पत्रकारांसमोर त्याची बाजू घेतली आणि धर्मावरून कोणाला लक्ष्य करण्याचा स्पष्ट शब्दांत निषेध केला. आपल्या संघाच्या कर्णधारानेही तेच केलं. तो मेसेज जिथे आला त्याच ग्रुपवर त्याने लिहिलं, 'गोल आम्ही सगळ्यांनी खाल्ले.' तो पाटलांच्या घरचा पोरगा इथे बसला आहे. त्याच्यासाठी टाळ्या वाजवा.

आणि आपल्या मोहल्ल्यालाही एक सांगतो. 'आपल्या पोरांना मुद्दाम बसवलं, निवडीत भेदभाव झाला' असं आपल्यातही बोललं गेलं. मी संघाच्या याद्या पाहिल्या. जी पोरं सरावाला आली ती खेळली, सगळ्या जातीधर्मांची. भेदभाव जिथे असेल तिथे जरूर बोलू, पण पुरावा हातात घेऊन. नाहीतर खऱ्या तक्रारीचंही वजन जातं.

आता मागण्या. एक, सरावाच्या जागेवर आठवड्यातून तीन संध्याकाळी ट्रॉल्या उभ्या राहू नयेत, असा ठराव ग्रामसभेत मांडायचा. दोन, कांद्याच्या हंगामात सराव पहाटे, म्हणजे शेत आणि मैदान दोन्ही सांभाळता येईल. तीन, बदली खेळाडू धरून किमान अठरा पोरं नोंदवायची. चार, येणाऱ्या वर्गणीचा जमाखर्च दर महिन्याला सगळ्यांसमोर वाचायचा. पाच, मैदान गावाचं असेल तर मुलींनाही त्यावर वेळ मिळाला पाहिजे. परवा सातवी-आठवीच्या चार मुली विचारायला आल्या होत्या. त्यांना 'नंतर बघू' असं सांगू नका.

कॉलेजकडे आपण विजय मागत नाही, आणखी दोन मोसम मागतोय. दोन वर्षांनी पुन्हा असाच हिशेब मांडू, आणि तेव्हाही पोरं शेवटच्या अर्ध्या तासात कोसळत असतील तर संघ ठेवायचा की नाही यावर खुशाल बोलू.

अर्ज तयार आहे, मागच्या टेबलावर ठेवलाय. उर्दूत, मराठीत, ज्याला जी येते त्या लिपीत सही करा. पहिली सही गोलकीपरच्या अब्बांनी केली आहे. दुसरी कर्णधाराच्या आईची आहे. तिसरी आता तुमच्यापैकी कोणीतरी करा.