तात्याची कॅसेट



मला इथं कवी म्हणून बोलावलंय. पण आज कविता वाचणार नाही. दिवसभर इंदिरा डॉकात स्टीलच्या कॉइलींना साखळ्या लावून तसाच आलोय. हाताला अजून ग्रीसचा वास आहे. आज मी माझ्या चुलत्यावर बोलणार आहे.

मागच्या महिन्यात माझा थोरला चुलता वारला. तात्या. आमच्यात त्याला अहोजाहो नव्हतं, शेंबडी पोरंसुद्धा 'ए तात्या' म्हणायची. मयताला जमलेली माणसं एकच बोलत होती, देवमाणूस गेला, घरासाठी झिजला. ते ऐकून मला राग येत होता. कुणाचा राग, ते कळत नव्हतं. आता थोडं कळलंय.

तात्या १९७९ साली कुवेतला गेला. वय बावीस, शिक्षण सातवी. शिवडीची दहा बाय बाराची खोली. आजोबा गोदीत मेलेले. मागं आजी, दोन आत्या आणि आठ वर्षांचा माझा बाप. तेव्हा मुंबई बंदरातून आखातात 'द्वारका' नावाची बोट जायची. १९८२ ला ती बंद झाली. गरीब उतारू डेकवर वळकटी टाकून जायचे, तात्या तसाच गेला. आज मी ज्या बंदरात बोजा उचलतो, तिथूनच तो गेला. 'दोन वर्षांत येतो' म्हणाला.

दोन वर्षांनी थोरल्या आत्याचं लग्न निघालं. पैसे आले, तात्या नाही आला. मग धाकट्या आत्याचं. मग बापाची शाळा, आजीचं ऑपरेशन. प्रत्येक वेळी ड्राफ्ट यायचा आणि तात्याचं येणं पुढं जायचं. त्याचं स्वतःचं लग्न त्यातच राहून गेलं. कुणी मुद्दाम अडवलं नाही. नुसतं कुणी काढलंच नाही.

पत्र लिहायला बसला की 'मी इकडे सुखरूप आहे' याच्यापुढं त्याचा हात चालायचा नाही. म्हणून तो कॅसेट भरून पाठवायचा. त्या काळी आखातातली पुष्कळ माणसं असंच करायची. सुट्टीवर येणाऱ्या कुणाच्या तरी बॅगेतून कॅसेट यायची. त्यातली एक आमच्याकडं शिल्लक आहे, १९८६ सालची. तात्या विचारतो, 'आई, गुडघा कसा हाय?' आणि थांबतो. नुसती खरखर. मागं कुठं तरी पंखा फिरतोय. आई उत्तर देत असणार, म्हणून तो तिकडं एकटा गप्प बसलेला. आणि आजी, बाप सांगतो, खरंच टेपरेकॉर्डरला उत्तर द्यायची. 'बरा हाय रं बाबा. तू जेवलास का?' मग तात्या पुढचं नाव घ्यायचा, पुन्हा थांबायचा. पाचही माणसांपुढं असा थांबला तो. मयत आजोबांपुढंसुद्धा.

२ ऑगस्ट १९९० ला इराकचं लष्कर कुवेतात शिरलं. घरात सव्वा महिना बातमी नाही. पुढं ऑक्टोबरपर्यंत एक लाख सत्तर हजारांच्या आसपास भारतीय विमानांनी मुंबईला आणले, त्यात तात्या. बसरा, बगदाद करत, बसमधून, ट्रकमधून तो जॉर्डनला पोचला. वाळवंटातल्या छावणीत राहिला. अम्मानहून विमान. बँकेतले पैसे तिकडंच अडकले. अकरा वर्षांनी माणूस घरी आला तेव्हा हातात दोन करड्या चादरी. छावणीत पांघरायला दिलेल्या. स्वतः उघड्यावर झोपला असणार, कारण दोन्ही कोऱ्या घडीच्या होत्या. एक आईला, एक बहिणीला.

युनोनं १९९१ साली भरपाईसाठी आयोग नेमला. कुवेत सोडावं लागलेल्या एकट्या माणसाला अडीच हजार डॉलर, आणि दुसरा कसलाच दावा करणार नाही म्हणून कबूल केलं तर चार हजार. तात्यानं चार हजारांवर सही केली. काही वर्षांनी ते पैसे आले, त्यातून आमच्या खोलीला पोटमाळा झाला. मी १९९८ चा. त्या माळ्यावर वाढलो. माझ्या पहिल्या कविता त्या माळ्यावरच्या. म्हणजे तात्याच्या अकरा वर्षांच्या छातीवर बसून लिहिलेल्या.

पैसे यायच्या आधीच, १९९२ ला, तो पुन्हा गेला होता. आता सौदी, दम्मामच्या बंदरात. कमी शिकलेला म्हणून पासपोर्टवर शिक्का, सरकारी मंजुरीशिवाय कामाला जाता येणार नाही. सरकार म्हणतं हा तुमच्या रक्षणासाठी. तिकडं उतरल्यावर पासपोर्ट कफीलाच्या कपाटात. तेव्हा नाही झालं कुणाला रक्षण करायला. लेबर कॅम्पात आपल्याच देशातली माणसं जेवायला बसताना विचारायची, आडनाव काय? तात्या म्हणायचा, 'कफीलाला विचारा, पासपोर्ट त्याच्याकडं हाय.'

माझा तात्या म्हणजे दोन वर्षांनी येणारी एक सुटकेस. साबण, टॉर्च, बाम, खजूर. फोन आला की आम्ही पोरं रांग लावायचो. मी म्हणायचो, तात्या, बूट आण. बहीण म्हणायची घड्याळ. बाप म्हणायचा, अजून वर्षभर काढ. 'परत ये' म्हणणारी एकटी आजी. ती २००४ साली गेली. देश सोडायचा तर तेव्हा सौदीत मालकाची परवानगी लागायची. मार्च २०२१ मध्ये तो नियम सैल केला म्हणतात. तात्याला परवानगी तेरा दिवसांनी मिळाली. तो आला, टेपरेकॉर्डरसमोर बसला, पण त्यानं तो लावला नाही.

मित्रांनो, हे सगळं आपण प्रेम म्हणून सांगतो. होतंच ते प्रेम. पण ते त्याच्याकडून वसूल करणारे कोण होते? एजंट होता, कफील होता, घरच्या माणसाला घरच्या गावात पोट भरू न देणारी व्यवस्था होती. आणि शेवटच्या टोकाला आम्ही होतो, बूट मागणारे. देवमाणूस म्हटलं की या सगळ्यांची सुटका होते. देवाला कुणी विचारत नाही, तू जेवलास का.

२०११ ला तो कायमचा आला. सकाळी चारला उठून बसायचा, बस येईल म्हणून. माझ्या मागं एकच टुमणं, 'दहावी हो. तुझ्या पासपोर्टवर तो शिक्का पडता कामा नये.' कारण दहावी पास झालेल्याला तो लागत नाही. २०१४ ला मी गणितात काठावर पास झालो. तात्यानं अख्ख्या चाळीत पेढे वाटले. आणि मी पासपोर्ट काढलाच नाही, गोदीत कंत्राटदाराकडं लागलो. मला वाटलं तात्या शिव्या देणार. घाबरत सांगितलं. त्यानं एवढंच विचारलं,

'संध्याकाळी घरी येतोस ना?'

'येतो.'

'मग बस.'

तुमच्यापैकी कुणाच्या खिशात आज व्हिसाची बोलणी असतील. जा, मी अडवणार नाही, पोट मलाही आहे. पण कराराचा कागद वाचून जा, पासपोर्टची झेरॉक्स घरी ठेवून जा. आणि ज्यांचा बाप, चुलता, भाऊ तिकडं आहे, त्यांनी आज रात्री फोन लावा. काही मागू नका. जेवलास का विचारा, कधी येतोस विचारा. आणि विचारून झाल्यावर थोडं थांबा. त्याला बोलायला वेळ लागेल, सवय नाही त्याला.

एवढंच. जयभीम.