पंडिता रमाबाईंचा धीर

संकटात माणूस तग कसा धरतो, या विषयावर बोलायचं म्हटलं की मला आधी आठवतात पंडिता रमाबाई.

काळ 1874 च्या सुमाराचा. दक्षिणेत दुष्काळ. गावोगाव पुराण सांगत पायी हिंडणाऱ्या रमाबाईंच्या डोंगरे कुटुंबाला उपास पडू लागले. आधी वडील अनंतशास्त्री गेले, थोड्याच दिवसांत आई, मग थोरली बहीण. आईच्या तिरडीला खांदा द्यायलाही माणसं पुरेनात. कशीबशी दोघं मिळाली. स्मशान तीन मैलांवर. रमाबाई अंगानं ठेंगण्या, खांदा पुरेना, म्हणून त्या कोवळ्या मुलीनं तिरडी डोक्यावर घेतली. पुढे भावाबरोबर त्या पार पंजाबापर्यंत गेल्या. झेलमच्या काठी कडाक्याच्या थंडीत पांघरायला काही नव्हतं. बहीणभावांनी वाळूत खड्डे केले आणि अंगावर वाळू ओढून घेतली.

हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय, आणि लिहिताना आवाज कुठं चढवलेला नाही. त्यांचं खरं बळ मला तिथं दिसतं.

गाठीशी होतं काय? आईनं भल्या पहाटे उठवून पाठ करून घेतलेलं भागवत. त्याच विद्येमुळे 1878 साली कलकत्त्यात त्या 'पंडिता' झाल्या. 1880 मध्ये भाऊ गेला. लग्न झालं, मुलगी झाली, आणि 1882 च्या फेब्रुवारीत पटकीनं पतीही गेले. मुलगी मनोरमा तेव्हा वर्षाचीही नव्हती. त्याच वर्षी पुण्याला येऊन त्यांनी आर्य महिला समाज काढला आणि बायकांसाठी स्त्री-डॉक्टर हवेत, असं शिक्षणविषयक हंटर आयोगाला सांगितलं. पुढे त्या ख्रिस्ती झाल्या.

दुःख विसरून त्या कामाला लागल्या, असं म्हणतात. मला ते पटत नाही. विसरल्या असत्या तर पुढच्या दुष्काळात, 1897 च्या सुमारास, मध्य प्रांतात कशाला धावल्या असत्या? नुसती हाडं उरलेल्या मुली पाहून त्यांना आपलीच भूक आठवली. सुमारे 300 मुली-बायका त्यांनी पुण्याजवळच्या केडगावला आणल्या. तिथं शेती, शाळा, माग, छापखाना, सगळं उभं राहिलं.

1921 च्या जुलैत मनोरमाही गेली. रमाबाई 63 वर्षांच्या, कानांनी अधू. बायबलच्या मराठी भाषांतराचं काम मात्र त्यांनी हातचं सोडलं नाही. ते पुरं केलं, आणि 5 एप्रिल 1922 रोजी त्या गेल्या.

त्यांनी उभारलेली केडगावची मुक्ती मिशन ही संस्था आजही चालू आहे. पुणे-दौंड लोहमार्गावर केडगाव स्टेशन लागतं. सवड काढून एकदा जरूर उतरा.