अण्णांची वही
(शताब्दी समारंभातील भाषण)



या व्यासपीठावरून आजवर थोरांची चरित्रे सांगितली गेली. मी बोलणार आहे ते माझ्या आजोबांविषयी. आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू. आपल्या कपाटांतील कितीतरी जुनी पुस्तके त्यांच्या हातची बांधलेली आहेत, एवढाच त्यांचा या संस्थेशी संबंध.

1931 साली, वयाच्या सोळाव्या वर्षी, ते दापोली तालुक्यातून बडोद्यास आले. हर्णैला पडावातून आगबोट गाठायची, मुंबईस उतरायचे आणि पुढे बी. बी. सी. आय. रेल्वे. घरच्या भातशेतीवर पाच भावंडांचे पोट भरत नव्हते, हे साधे कारण. बडोदेच का, तर गावचे एक गृहस्थ येथे पुस्तकबांधणीच्या कामावर होते. सयाजीराव महाराजांनी 1910 साली अमेरिकेहून बॉर्डन या ग्रंथपालांना पाचारण केले आणि संस्थानात गावोगाव ग्रंथालये उघडली, हे आपण जाणताच. पुस्तके वाचली जाऊ लागली की ती फाटणारही. इतिहासकार हे दुसरे वाक्य लिहीत नाहीत. आमचे घर मात्र त्यावरच चालले.

अण्णांचे काम पाहत मी लहानाचा मोठा झालो. जुने पुस्तक ते प्रथम उसवीत, फर्मे सुटे करीत, विरलेल्या घडीवर पातळ कागदाची पट्टी लावीत. मग दाभणाने भोके पाडून, मेणातून ओढलेल्या दोऱ्याने जुजबंदी शिवण. मैद्याच्या खळीत कसर लागू नये म्हणून मोरचूद. त्यामुळे त्यांची नखे कायम हिरवट असत. कडा कापताना त्यांचा हात आखडता असे. समास कापला तर लोकांनी टिपणे लिहावीत कोठे, असे ते म्हणत. हे म्हणणाऱ्या माणसाचे स्वतःचे शिक्षण चौथीपर्यंत होते.

माझे वडील मॅट्रिक होऊन एका कचेरीत कारकून झाले. 1962 साली त्या कचेरीची जुनी रजिस्टरे बांधण्याचे काम अण्णांना मिळाले. बांधून झालेला गठ्ठा सायकलवर लादून ते पोहोचवायला गेले. नेमके माझे वडीलच समोरच्या टेबलाशी बसले होते. भोवती सहकारी होते. वडील काही बोलले नाहीत. क्षणभर थांबून अण्णाच म्हणाले, "साहेब, मोजून घ्या." वडिलांनी चाळीस रजिस्टरे मोजली, पोच दिली. रात्री दोघे शेजारी-शेजारी जेवले. विषय निघाला नाही. तो पुढेही कधी निघाला नाही.

1988 साली अण्णा गेले, त्यानंतर वडिलांनी हे मला सांगितले. सांगताना ते माझ्याकडे पाहत नव्हते.

अण्णांच्या ट्रंकेत हिशेबाची एक जाड वही निघाली. सारी मोडीत. माझ्या पिढीला मोडी येत नाही आणि वडिलांची विसरलेली. शेवटी आपल्याच एका वयोवृद्ध सभासदांनी ती आम्हांला वाचून दाखविली. महिन्याच्या महिन्याला गावी गेलेल्या मनिऑर्डरी, दोऱ्याची रिळे, या ग्रंथालयाची वर्गणी. वडील मात्र एकाच नोंदीची वाट पाहत बसले होते. ती सापडली: रजिस्टरे चाळीस, कापडी पाठ, दर एक रुपया चार आणे, एकूण पन्नास रुपये, पोच मिळाली. नवे पैसे येऊन पाच वर्षे झाली तरी अण्णा आण्यांतच मांडीत! त्यापुढे एक अक्षर नव्हते. वडिलांनी ती ओळ पुन्हा वाचावयास लावली. आम्हांला कोठेतरी राग, निदान दुःख सापडेल असे वाटले होते. तेथे हिशेब होता, आणि तो चोख होता.

आता वडीलही नाहीत. ती वही मी आज ग्रंथालयाच्या स्वाधीन करीत आहे. ज्या सभासदांनी ती वाचावयास घेतली होती त्यांची दृष्टी पुढे अधू झाली, त्यामुळे निम्मी पाने तशीच राहिली आहेत. मोडी जाणणारे कोणी येथे असतील तर त्यांनी कृपा करून कार्यालयात आपले नाव द्यावे.