मोत्याची खाज आणि आमची वही

(सामुदायिक रेडिओवर झालेल्या भाषणाचा मजकूर)

 

मी बचत गटांची समन्वयक. एरवी मी तुमच्याशी बोलते ते हप्त्यांबद्दल, बँकेच्या कागदांबद्दल, शेळीच्या विम्याबद्दल. आज मात्र आमच्या घरच्या कुत्र्याबद्दल बोलणार आहे. हसू नका. या कुत्र्यामुळे मला कर्ज, खर्च आणि औषध यांच्याबद्दल जे कळलं, ते बी.ए.च्या पुस्तकात नव्हतं आणि आमच्या प्रशिक्षणातही नव्हतं.

आमचं गाव माण तालुक्यात. घर वस्तीवर, गावापासून लांब. आमचे हे ट्रकवर असतात, आठ-आठ दिवस घरी नसतात. घरात सासूबाई, दोन मुली, मी आणि सात शेळ्या. राखणीला मोत्या. साधा गावठी कुत्रा, वीस किलोचा. तो दारात आहे म्हणून मी तालुक्याला बैठकीला जाऊ शकते. गेल्या काही वर्षांत आजूबाजूच्या वस्त्यांवरून करडं गेली, आमचं एकही गेलं नाही.

मोत्या दोन वर्षांचा झाला आणि खाजवायला लागला. आधी पंजे चाटायचा. मग कान, काखा, पोट. कानातून घाण वास यायचा. पोटाची कातडी लाल, मग काळी आणि जाड झाली. रात्रभर त्याच्या साखळीचा आवाज यायचा. खळ्‌ खळ्‌ खळ्‌. सासूबाई म्हणायच्या, "अगं, ह्याला झोप नाही आणि आपल्यालाबी नाही."

आता माझ्या चुका सांगते. त्या सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

पहिली चूक. कुणीतरी सांगितलं, खरूज आहे, ट्रॅक्टरचं जळकं ऑइल लाव. मी लावलं. त्याने ते चाटलं आणि दोन दिवस उलट्या केल्या. मैत्रिणींनो, जळकं ऑइल, रॉकेल, फिनेल, पिकावर मारायचं औषध, यातलं काहीही कुत्र्याच्या अंगाला लावू नका. कुत्रा अंग चाटतो, ते सगळं पोटात जातं. म्हशीच्या गोचिडांचं उरलेलं औषधही अंदाजाने लावू नका.

दुसरी चूक मोठी. एकाकडून मी त्याला इंजेक्शन देऊन घेतलं. दुसऱ्या दिवशी खाज बंद! मला वाटलं, देव पावला. पंधरा दिवसांनी खाज परत. पुन्हा तेच इंजेक्शन. असं पाच-सहा महिने चाललं. औषधाचं नाव मी विचारलं नाही, चिठ्ठी मागितली नाही. उलट मीच म्हणायचे, "तेच द्या, त्यानेच गुण येतो." पुढे मोत्या बादलीभर पाणी प्यायला लागला, सारखा मुतायला लागला, पोट सुटलं, पाठीवरचे केस विरळ झाले, आणि चिडकाही झाला. एक दिवस धाकटीवर गुरगुरला.

त्या रात्री ह्यांनी विषय काढला. म्हणाले, "परवा घाटाखाली भाडं आहे. तिकडं सोडून येतो त्याला. पोरींना काहीतरी सांगू." मी लगेच नाही म्हटलं नाही. हे आज कबूल करते. सकाळी उठून मी त्याची साखळी सोडायलाही गेले होते. तो उठून शेपटी हलवत गाडीकडे निघाला. त्याला वाटलं, फिरायला जायचंय. मी साखळी परत अडकवली. नंतर कळलं की आपलं जनावर उपाशी मरेल अशा ठिकाणी टाकून देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हाही आहे. पण त्या सकाळी कायदा आठवला नव्हता.

मग शेजाऱ्यांच्या पिकअपमधून त्याला शिरवळला नेलं. तिथे पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, त्याचा दवाखाना आहे. तिथल्या डॉक्टर बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तुम्ही देत होता ते बहुतेक स्टेरॉइड असणार. त्याने खाज दबते. खाज कशाने येते ते मात्र तुम्ही अजून शोधलेलंच नाही." आपल्याकडे म्हणतात ना, दुखणं म्हशीला आणि औषध पखालीला. तसं आमचं झालं होतं.

त्यांनी जे शिकवलं ते मी क्रमाने सांगते, कारण क्रम फार महत्त्वाचा आहे.

आधी किडे बघायचे. पिसवा, गोचीड, आणि कातडीच्या आत राहणारे खरजेचे किडे. कातडी खरवडून त्या सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. खरजेचे किडे प्रत्येक वेळी सापडतातच असं नाही, म्हणून संशय असला तर डॉक्टर औषध देऊन बघतात. घरातल्या माणसांनाही खाज सुटली असेल तर ते जरूर सांगायचं, कारण कुत्र्याची खरूज माणसाला लागते. पिसवांसाठी महिन्याला किंवा तीन महिन्यांनी द्यायची गोळी मिळते. कुत्र्याला पूर्वी कधी फिट आली असेल तर ती गोळी घेण्याआधी सांगायचं.

दुसरं, कातडीवरचा जंतू आणि बुरशी. खाजवून खाजवून कातडी फुटते, तिथे हे वाढतात आणि खाज दुप्पट होते. घाण वास येतो तो याचाच. मोत्याला काही आठवडे गोळ्या, कानात औषध आणि क्लोरहेक्सिडिनच्या शाम्पूने आंघोळ. शाम्पू लावून दहा मिनिटं तसाच ठेवायचा, मग धुवायचा. दहा मिनिटं कुत्र्याला धरून ठेवणं म्हणजे काय, ते मला विचारा!

तिसरं, खाणं. काही कुत्र्यांना एखादं अन्नच सोसत नाही. ते शोधायला रक्ताची तपासणी भरवशाची नाही. त्याने जे कधीच खाल्लेलं नाही ते आठ आठवडे द्यायचं आणि दुसरं काहीही नाही. मोत्या भाकरी, दूध, भात, कोंबडी, अंडी सगळं खाऊन झालेला. मासा मात्र आमच्या घरी शिजत नाही. म्हणून आठवडी बाजारातून मासे आणून, काटे काढून, उकडलेल्या बटाट्याबरोबर दोन महिने दिले. माळकरी सासूबाईंनी नाकाला पदर लावला, पण चूल वेगळी मांडून दिली. शेजारच्या पोरांनी एक बिस्कीट टाकलं तरी सगळं पाण्यात, म्हणून थोरलीने दारावर पाटीच लावली: "मोत्याला काही देऊ नये." दोन महिने झाले, खाजेत फरक नाही. म्हणजे कारण खाणं नव्हतं.

उरलं चौथं. धुळीतले बारीक किडे, गवताचे परागकण, बुरशी. आपल्याला दिसत नाहीत, पण मोत्याच्या कातडीला सोसत नाहीत. त्याची खाज पावसाळ्याच्या शेवटी, गवतं फुलावर आली की वाढायची, हे तेव्हा ध्यानात आलं. डॉक्टर बाई म्हणाल्या, "ही ॲलर्जी आहे. ती बरी होत नाही, ताब्यात ठेवता येते. आता जन्मभराचा हिशोब करा."

मैत्रिणींनो, जन्मभराचा हिशोब म्हटल्यावर मी वही काढली. शेळीसाठी कर्ज मागायला बाई येते तेव्हा आपण विचारतो ना, हप्ता किती, काम कोण करणार, बुडालं तर काय? तसेच मी प्रत्येक औषधाला तीन प्रश्न विचारले. महिन्याला पैसे किती? माझे हात किती लागणार? आणि पुढे त्याच्या शरीराला त्रास काय?

स्टेरॉइडच्या गोळ्या सगळ्यात स्वस्त आणि लवकर गुण देणाऱ्या. त्या वाईट नव्हेत. थोडे दिवस, डॉक्टरांच्या देखरेखीखाली त्या कामाच्या आहेत. पण वर्षानुवर्षं दिल्या तर तहान, भूक, वजन, पातळ कातडी, जंतुसंसर्ग, कधी मधुमेहही. आणि बरेच दिवस चालू असतील तर एकदम बंद करायच्या नाहीत, हळूहळू उतरवायच्या.

ऑक्लासिटिनिब नावाची गोळी एका दिवसात खाज कमी करते. सुरुवातीला जास्तीत जास्त चौदा दिवस दोन वेळा, मग एकदा. स्टेरॉइडसारखी तहान-भूक नाही. पण एक वर्षाखालच्या पिल्लाला देत नाहीत, अंगात मोठा संसर्ग असताना देत नाहीत, आणि महाग. दुकानदाराने महिन्याचा आकडा सांगितला तेव्हा मला वाटलं, एवढ्यात बाजारात लहान करडू येईल.

सायक्लोस्पोरिनला गुण यायला महिना-दीड महिना लागतो, सुरुवातीला उलट्या होऊ शकतात, तेही महाग. चार ते आठ आठवडे पुरणारं एक नवं इंजेक्शनही आहे, ते स्टेरॉइड नव्हे. कुठे मिळेल ते आपल्या डॉक्टरांना विचारावं. आपल्या सर्दीच्या सेटिरिझिनसारख्या गोळ्यांनी थोड्याच कुत्र्यांना फरक पडतो, आणि त्याही मनाने द्यायच्या नाहीत.

शेवटचा उपाय म्हणजे कशाची ॲलर्जी आहे ते तपासून, त्याच गोष्टीचे थोडे थोडे वाढते डोस देऊन शरीराला सवय लावणं. बाकीची औषधं खाज दाबतात, हा उपाय मुळाशी जातो. पण वर्षभर धीर धरावा लागतो आणि सगळ्याच कुत्र्यांना गुण येतो असं नाही. वारंवार शहरात जाणं मला जमणारं नव्हतं. मी तो वहीत लिहून ठेवला, खोडला नाही.

आता पैशाचं. शिरवळच्या फेऱ्या, तपासण्या, पहिली औषधं यांत घरातलं होतं ते संपलं होतं. मी गटात अंतर्गत कर्ज मागितलं. बैठकीत शांतता. मग एक जण म्हणाली, "ताई, आम्हाला सांगता कर्ज कमाईसाठी घ्या. आणि स्वतः कुत्र्यासाठी?" तिचं बरोबर होतं. मला उत्तर सुचेना. तेव्हा कोपऱ्यातल्या एक काकू, आमच्या गटात सगळ्यांत वयस्कर, म्हणाल्या, "कुत्रं शेळ्या राखतं का? मग शेळीच्या खात्यात धर की त्याला." त्यावर अर्धा तास चर्चा झाली. कर्ज मिळालं, सहा हप्त्यांत. पण त्या पहिलीचं म्हणणंही इतिवृत्तात घेतलं: तपासणी आणि एकदाचा खर्च यासाठीच कर्ज. रोजच्या औषधाला कर्ज नाही.

हा नियम मला फार पटला. जन्मभराचं औषध कर्जावर चालत नाही. ते रोजच्या कमाईतून भागलं पाहिजे. म्हणून मी अंड्यांचे पैसे एका डब्यात वेगळे ठेवायला लागले. त्या डब्यात महिन्याला जेवढं जमतं तेवढ्यात बसेल असा उपचार डॉक्टर बाईंबरोबर बसून ठरवला.

तो असा. वर्षभर पिसवांची गोळी. आठवड्याला एक औषधी आंघोळ. जुनं गोणपाट फेकलं. आता सुती गोधडी, दर आठवड्याला गरम पाण्यात धुवायची आणि कडक उन्हात वाळवायची. धान्याच्या पोत्यांजवळ झोपणं बंद. रानातून आला की ओल्या फडक्याने पाय आणि पोट पुसायचं. अंगणाभोवतीचं गाजर गवत फुलायच्या आत उपटायचं, हातात मोजे घालून, कारण ते आपल्यालाही बाधतं. आणि गवतं फुलतात त्या तीन महिन्यांपुरती ती महाग गोळी. नऊ महिने डब्यात साठवायचं, तीन महिने खर्चायचं. एकदम भडका उडाला तर डॉक्टरांना विचारून चार दिवस स्टेरॉइड. रेबीजची लस दरवर्षी, ती चुकवायची नाही.

थोरली रोज रात्री वहीत मोत्याला गुण देते. शून्य म्हणजे खाज नाही, दहा म्हणजे रात्रभर साखळी. सुरुवातीला नऊ असायचे. आता बहुतेक दिवस दोन-तीन असतात. शून्य कधीच नसतो. गेल्या भाद्रपदात एकदा सात झाले, तेव्हा वही बघून कळलं की दोन आंघोळी चुकल्या होत्या. वही नसती तर मी औषधाला दोष दिला असता.

सगळं करूनही एखाद्या जनावराचे हाल थांबत नाहीत, तेव्हा त्याला शांतपणे निरोप देण्याबद्दलही डॉक्टरांशीच बोलावं. त्यात लाज नाही. पण सगळं करून बघण्याआधी, शेजारी म्हणतात म्हणून किंवा ट्रक घाटाखाली चाललाय म्हणून तो निर्णय होऊ नये.

मैत्रिणींनो, हे मी कुत्र्याचं सांगितलं. पण आपल्या गटात किती जणींच्या घरी साखर आहे, बीपी आहे, दमा आहे. लवकर गुण देणाऱ्या इंजेक्शनमागे आपण तिथेही धावतो, चिठ्ठी मागत नाही, नाव विचारत नाही. जन्मभराच्या दुखण्याला एका फटक्यात उतरणारं औषध नसतं. आपल्याला वर्षानुवर्षं झेपेल आणि शरीराला सोसेल असा उपचार निवडायचा असतो. औषधाचं नाव विचारा. चिठ्ठी जपून ठेवा. आणि एक वही घाला. चाळीस पानीही चालते.

येत्या बैठकीला कुणाला मोत्याची वही बघायची असेल तर मी घेऊन येईन. काल रात्रीचे गुण तीन आहेत.