आमचं पाठ केलेलं उत्तर
(स्नेहमेळाव्यातील भाषण, दहावी, १९७८ची तुकडी)



मला पाच मिनिटं मिळाली आहेत. तेवढ्यात शाळेत पाठ केलेल्या एका उत्तराची दुरुस्ती करायची आहे.

विज्ञानाच्या बाई समोर बसल्या आहेत. बाई, तुम्ही आम्हाला नळीने चुन्याच्या निवळीत फुंकायला लावायचात. निवळी दुधाळ झाली की आम्ही टाळ्या पिटायचो. मग तुमचा प्रश्न यायचा, हवेत कार्बन डायऑक्साइड किती? सगळा वर्ग एका सुरात ओरडायचा, "०.०३ टक्के!"

तेव्हा ते बरोबर होतं. हवाई बेटावरच्या मौना लोआ पर्वतावर चार्ल्स कीलिंग यांनी १९५८ मध्ये ही मोजणी सुरू केली, तेव्हा हवेच्या दहा लाख भागांत हा वायू सुमारे ३१५ भाग होता. आपण दहावी झालो त्या वर्षी ३३५. २०२४ची सरासरी ४२४च्या वर. म्हणजे आज नातवाने ०.०३ लिहिलं तर ते चूक. उत्तर आहे ०.०४.

"एवढ्याशाने काय होतं?" असं मीही म्हणायचो. पण हवेतले नायट्रोजन आणि ऑक्सिजन जमिनीची उष्णता अडवत नाहीत, हा वायू अडवतो. तो वाढला की पृथ्वीवरची गोधडी जाड होते. कारखानदारीपूर्वी तो २८० होता, आता दीडपट झाला आहे.

आता माझी कबुली. मी बत्तीस वर्षं कोळशावरच्या वीज केंद्रात नोकरी केली. पाळीत किती टन कोळसा जळला, याची नोंद माझ्या सहीने व्हायची. धुराड्यातून काय गेलं ते कुणी विचारलं नाही, मीही नाही. हिशेब तर याच शाळेत शिकलो होतो : १२ ग्रॅम कार्बन जळला की ४४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड. त्या विजेने घरं उजळली, माझी मुलं शिकली; त्याची लाज नाही. नोंदवहीत तो दुसरा रकाना कधी आखला नाही, याची खंत आहे.

आपली सहल ज्या सिंहगडावर गेली होती, तिथे पुण्याच्या आयआयटीएम संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २००९ मध्ये हवेचे नमुने घेऊन हाच वायू मोजायला सुरुवात केली. मोजणी दाराशी आली, तरी मला ते निवृत्तीनंतर कळलं.

म्हणून एक विनंती. फाटकाजवळच्या सुविचाराच्या फळ्यावर, एका कोपऱ्यात, मुलांनी दर महिन्याला मौना लोआचा ताजा आकडा लिहावा. तो सर्वांना खुला असतो. शेजारी आपल्या तुकडीचा ३३५ रंगवून ठेवावा. सप्टेंबरात आकडा उतरलेला दिसेल, कारण उत्तर गोलार्धातली झाडं उन्हाळ्यात हा वायू शोषून घेतात. तेव्हा मुलांना सांगायचं, मागच्या सप्टेंबरशी ताडून बघा. मुख्याध्यापकांनी परवानगी दिली, तर पहिलं वर्षभर मी स्वतः येऊन समजावून सांगेन.

आकडा एवढ्यात उतरणार नाही, हे मला ठाऊक आहे. पण आपल्याला ०.०३ जसं तोंडपाठ होतं, तसा तो या शाळेतल्या प्रत्येक मुलाला माहीत असावा, आणि तो का वाढतो हेही.

बाई, दुरुस्ती केली. उशीर झाला, तेवढा माफ करा.