पुढे पाठवण्याआधी
(बारामती येथे कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेले भाषण)



पूर्वी बारामतीच्या बैठकीचा निरोप इंदापूरच्या वाड्यावस्त्यांवर पोचायला दोन-दोन दिवस लागायचे. आज व्हॉट्सॲपवर तो क्षणात पोचतो. नवऱ्याने घराबाहेर काढलेली बाई मध्यरात्रीही आपल्याला हाक मारू शकते. ही ताकद आपण सोडायची नाही.

पण त्याच गटात प्रत्येकीचा नंबर सगळ्यांना दिसतो. एखादीच्या जखमांचा फोटो आपण कळकळीने पुढे पाठवतो. फिरत फिरत तो तिच्या सासरी, गावच्या पारावर पोचला तर?

मथुरा प्रकरणाच्या निकालाविरुद्ध १९८० साली देशभर बायका रस्त्यावर आल्या. १९८३ साली कायदा बदलला; बलात्कारित स्त्रीची ओळख छापणे गुन्हा ठरला. ही आपल्या चळवळीची कमाई. ती आपल्याच बोटांनी घालवायची का?

कोणी फोटोवरून मुलीला धमकावले, तर घरचे आधी तिचाच फोन काढून घेतात. गुन्हा त्याचा आणि शिक्षा तिला! मेसेज पुसू नका, जपून ठेवा, तिच्यासोबत पोलिसांत जा. तिच्या संमतीविना तिचे नग्न चित्र पसरवणाऱ्याला माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-ई खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

आणि सुरुवात आपल्यापासून करू या. कोणाचीही हकिकत पुढे पाठवण्याआधी तिला विचारू या, "बाई, पाठवू का?" ती नाही म्हणाली, तर नाही.