नांदेड-लातूरचा प्रथम नागरिक

शहराचा प्रथम नागरिक कोण, असा प्रश्न विचारल्यास शाळेतील मूलही ‘महापौर’ असे उत्तर देईल. परंतु हा मान त्यास कोणी दिला, आणि मानाबरोबर अधिकार किती दिला, हे प्रश्न तितके सोपे नाहीत. मराठवाड्यातील नांदेड व लातूर या दोन शहरांच्या इतिहासात त्यांची उत्तरे शोधू गेल्यास नगरप्रमुखाचे पद आधी राजसत्तेचे व पुढे लोकांचे झालेले दिसते. अलीकडे काही वर्षे ते पुन्हा अधिकाऱ्याच्या हाती गेले होते, हेही ध्यानात येते.

नांदेड हे गोदातीरीचे पुरातन क्षेत्र. १७०८ साली गुरू गोविंदसिंगांनी येथेच देह ठेवला, आणि त्यामुळे त्याचे नाव सर्व हिंदुस्थानात पोहोचले. लातूरची कीर्ती निराळी, ती बाजारपेठेची. १९११ साली बार्शी लाईट रेल्वेचा अरुंद लोहमार्ग लातुरास येऊन भिडला आणि तेथील व्यापारास नवी वाट मिळाली. दोन्ही गावे निजामाच्या राज्यात होती. जुन्या काळी पेठेतील तंटे शेटे-महाजनांनी मिटवावेत, रात्रीचा बंदोबस्त कोतवालाने पाहावा आणि वसूल पाटील-कुळकर्ण्यांनी गोळा करावा, अशी आपल्या गावांची सर्वसाधारण रीत असे. पहिल्या सालारजंगाने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात राज्याचे जिल्हे पाडले, तेव्हा प्रत्येक जिल्ह्यावर अव्वल तालुकदार बसला. नावाने तालुकदार असला तरी हुद्द्याने तो ब्रिटिश मुलखातील कलेक्टरच होय. दिवाबत्ती, झाडलोट व रस्ते यांसाठी ज्या स्थानिक समित्या निघाल्या, त्यांची सूत्रे या अधिकारीवर्गाकडेच राहिली. नगरप्रमुख नगराने निवडावा, ही कल्पना त्या व्यवस्थेत बसणारी नव्हती.

यात केवळ निजामी राज्याचाच दोष मानण्याचे कारण नाही. इंग्लंडच्या पश्चिमेस असलेल्या वेल्स देशातील कार्नार्व्हन या नगरीचा दाखला या बाबतीत बोधप्रद आहे. तेराव्या शतकाच्या अखेरीस पहिल्या एडवर्ड राजाने वेल्स जिंकून तेथे बुलंद किल्ला उभारला आणि त्याच्या पायथ्याशी तटबंदीचे नगर वसविले. १२८४ साली नगराला सनद मिळाली. तीनुसार किल्ल्याचा किल्लेदार हाच नगराचा मेयर ठरला! ज्याच्या हाती तोफखान्याच्या किल्ल्या, त्याच्याच हाती नगराचा कारभार. पुढे साडेपाचशे वर्षांनी, १८३५ च्या कायद्याने, इंग्लंड व वेल्समधील अशा नगरांना करदात्यांनी निवडलेली सभा लाभली आणि मेयर त्या सभेने निवडावा असा दंडक पडला. औसा, उदगीर, कंधार येथील किल्ले पाहिलेल्या वाचकास किल्लेदार आणि नगरप्रमुख यांचे हे नाते समजावून सांगावयास नकोच.

आपल्या देशात या पदाची घडण मुंबईत झाली. १८६५ पासून मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर आर्थर क्रॉफर्ड यांच्या हाती फार मोठी सत्ता एकवटली होती. त्यांच्या खर्चावर करदात्यांनी ओरड केली, आणि १८७२ च्या कायद्याने करदात्यांचे प्रतिनिधी सभेत आले. १८८८ च्या कायद्याने मात्र एक गोष्ट पक्की केली: धोरण सभेने ठरवावे, अंमलबजावणी सरकारने नेमलेल्या आयुक्ताने करावी. सभेच्या अध्यक्षास ‘मेयर’ ही पदवी १९३१ साली मिळाली. तिला ‘महापौर’ हा मराठी प्रतिशब्द सावरकरांनी दिला, आणि तो आज इतका रुळला आहे की तो घडविलेला शब्द आहे हेही कोणाच्या ध्यानी येत नाही.

मराठवाड्यात ही वाट उशिरा उघडली. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामी राजवट संपली. १९५६ साली मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० साली महाराष्ट्रात आला. १९६५ च्या कायद्याने राज्यातील सर्व नगरपालिका एका छत्राखाली आणल्या. या काळातील नगराध्यक्षपद ही सार्वजनिक जीवनाची पहिली शाळा ठरली. नांदेड नगरपालिकेचे अध्यक्षपद भूषविलेले शंकरराव चव्हाण पुढे दोन वेळा राज्याचे मुख्यमंत्री झाले. लातूर नगरपालिकेत १९६७ साली कारभारास आरंभ करणारे शिवराज पाटील १९९१ साली लोकसभेचे सभापती झाले. गटारे, नळ आणि घरपट्टी यांच्या वादांत तावून निघालेल्या माणसास पुढील कारभार अवघड वाटू नये, यात नवल ते काय!

नांदेड-वाघाळा महानगरपालिका १९९७ साली व लातूर महानगरपालिका २०११ साली स्थापन झाली, आणि नगराध्यक्षाच्या जागी महापौर आला. लातूरच्या पहिल्या महापौर स्मिता खानापुरे या होत्या. जेथे कधी काळी तालुकदाराच्या दरबारी स्त्रीचे पाऊलही पडत नसे, तेथे नगराचा पहिला मान एका स्त्रीकडे गेला. त्यामागे १९९२ ची ७४ वी घटनादुरुस्ती आणि महाराष्ट्राने पुढे स्त्रियांसाठी राखलेल्या निम्म्या जागा यांचे बळ आहे. महापौर कोणत्या वर्गातील असावा हे सोडतीने ठरते. निवड नगरसेवक करतात. मुदत अडीच वर्षांची.

आता अधिकाराचा विचार करू गेल्यास चित्र पालटते. महापौराने सभेचे अध्यक्षस्थान घ्यावे, मते समसमान पडल्यास निर्णायक मत द्यावे, पाहुण्यांचे नगराच्या वतीने स्वागत करावे. परंतु कार्यकारी सत्ता कायद्याने आयुक्ताची. १९९८ साली मुंबई व नागपूर येथे महापौरास मंत्रिमंडळासारखी परिषद देऊन पाहिली. तो प्रयोग वर्षभरातच गुंडाळला गेला.

२०१६ च्या उन्हाळ्यात लातुरास याचा प्रत्यय आला. मांजरा धरण आटले. पाणी भरण्याच्या ठिकाणी जमावबंदी लागू झाली, ती जिल्हाधिकाऱ्यांच्या हुकमाने. १२ एप्रिल रोजी मिरजेहून पहिली पाण्याची आगगाडी पाच लाख लिटर पाणी घेऊन आली, ती राज्य सरकार व रेल्वे यांच्या व्यवस्थेने. धरण पाटबंधारे खात्याचे, आणि तेही शेजारच्या बीड जिल्ह्यात. महापौराच्या हाती ना धरण, ना आगगाडी! तरीही रिकामी घागर घेतलेला नागरिक जाब विचारावयास जातो तो नगरसेवकाच्या दारी. कारण मत त्याने दिलेले असते ते नगरसेवकाला.

मग इतके तोकडे पद हवेच कशाला, असे कोणी म्हणेल. त्याचे उत्तर पुढील वर्षांनी दिले. २०२२ साली दोन्ही महानगरपालिकांची मुदत संपली. आरक्षणाच्या वादामुळे निवडणुका लांबत गेल्या. ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या चार महिन्यांत घ्याव्यात असा आदेश दिला, तरी मतदान व्हावयास १५ जानेवारी २०२६ हा दिवस उजाडावा लागला. मधली तीन वर्षांहून अधिक काळ महापौराची खुर्ची रिकामी होती आणि कारभार प्रशासकाकडे होता. रस्ते झाडले जात, दिवे लागत, पट्टी वसूल होई. नव्हती ती सभा. अमुक पेठेत आठ-आठ दिवस पाणी का येत नाही, असा प्रश्न सर्वांदेखत उभा राहून विचारण्याची, आणि त्याचे उत्तर कार्यवृत्तात नोंदवून घेण्याची जागाच उरली नव्हती. तालुकदाराच्या काळी नगराची स्थिती याहून फार निराळी नव्हती.

कार्नार्व्हनच्या नागरिकांना किल्लेदाराच्या जागी आपला मेयर बसविण्यास साडेपाच शतके लागली. नांदेड-लातूरकरांना तो हक्क थोड्या काळात लाभला, आणि तो काही वर्षे हातचा गेल्याचाही अनुभव आला. महापौरास अधिक अधिकार द्यावेत की नाही, याविषयी सुज्ञांत मतभेद असू शकतील. त्याची खुर्ची मुदत संपताच भरली जावी, याविषयी मात्र दुमत असू नये.